अंधाराची सोय

मी भूगोलाचा शिक्षक आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणीतरी ते सांगणारच आहे. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, हे मी वर्ध्यातल्या एका शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. मुलांना ते पाठ आहे. मलाही पाठ होतं. तरीसुद्धा सावंगीच्या बाजूला आम्ही आयुष्यातला पहिला फ्लॅट घेतला तेव्हा बेडरूम पश्चिमेला आहे आणि पश्चिमेला सूर्य असतो, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. फ्लॅट बघायला आम्ही गेलो तो प्रत्येक वेळी रविवारी सकाळी, तोही भर पावसाळ्यात. खिडकी एवढी मोठी, की तिच्यातून बैलगाडी आत यावी. गार वारा येत होता. मी बिल्डरच्या माणसाला म्हणालो, "वा! याला म्हणतात घर."

पौर्णिमा, म्हणजे माझी बायको, आधी खिडकीकडे आणि मग पलंग येणार त्या जागेकडे बघत होती. ती दवाखान्यात नर्स आहे आणि महिन्यातले बहुतेक दिवस रात्रपाळी करते. रात्रभर लोकांचे जीव सांभाळायचे आणि सकाळी घरी येऊन झोपायचं, असा तिचा दिवस. म्हणजे रात्र. तिची दिवसाची झोप हा आमच्या संसाराचा पाया आहे. ती झाली नाही तर घरात माझी धडगत नसते, हे मी एक वेळ सोसून घेईन. पण तिकडे तिच्या हातात दुसऱ्यांची सलाइनं असतात. झोपेच्या गुंगीत एखादं औषध चुकलं तर? ही भीती तिला होती. मला ती तिच्याकडून लागली.

याआधी आम्ही वर्ध्याच्या जुन्या वस्तीत यशोदाबाईंकडे भाड्याने राहायचो. तिथे झोपायला मधली खोली होती. पुढे ओसरी, मागे स्वयंपाकघर आणि मधे ही. खिडकी नावालासुद्धा नाही. भरदुपारी दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसायचा नाही. पौर्णिमा तिथे ढाराढूर झोपायची, पण मला त्या खोलीची लाज वाटायची. घर सोडताना मी यशोदाबाईंना ऐकवलंच, "मावशी, माणसाला उजेड पाहिजे, वारा पाहिजे. खिडकी नसलेल्या घरात माणसाची वाढ खुंटते."

म्हातारीने सामान भरलेल्या टेम्पोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "उजेडात कोनी झोपते का, बाप्पा?" ती म्हणाली.

मी हसलो. जुन्या लोकांना यातलं काही कळत नाही, असं मनाशी म्हणत टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसलो. तो शेवटचा दिवस, ज्या दिवशी मी खिडकीविषयी मोकळेपणाने हसलो.

नव्या घरात भंतेजी आले, वंदना झाली, पाहुण्यांनी खीर खाल्ली आणि प्रत्येकाने खिडकीची तारीफ केली. मग पाहुणे गेले आणि सूर्य आला. दुपारी तो जो आमच्या पलंगावर येऊन बसायचा, तो संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. पौर्णिमा आधी भिंतीकडे तोंड करून झोपली, मग डोळ्यांवर ओढणी बांधून, मग पलंगाखाली. पलंगाखाली तिला झोप लागली होती, पण त्याच दिवशी भांडेवाली बाई झाडू घेऊन आत गेली आणि दोघींच्या किंकाळ्या तळमजल्यापर्यंत ऐकू गेल्या.

शेवटी समुद्रपूरहून माझी आई आली ती बाबांचं काळं घोंगडं घेऊनच. तिने स्टुलावर चढून चार खिळे ठोकले आणि घोंगडं खिडकीवर टांगलं. खोलीत मिट्ट काळोख झाला. पौर्णिमा झोपली. संध्याकाळी उठून तिने स्वतःहून मला चहा विचारला. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. दुर्दैवाने मला अब्रू आहे.

आमच्या बिल्डिंगच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष सदाशिवराव तळमजल्यावर राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतात. वर जाणारा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक भाजीची पिशवी त्यांच्या नजरेखालून जाते. त्यांनी मला थांबवलं.

"सर, ते काळं घोंगडं काऊन टांगलं जी? कोनी गेलं का घरात?"

"नाही, नाही. मिसेसना दिवसा झोपायचं असतं."

"तसं असंन. पन रोडवरून दिसते ना. बिल्डिंगची शोभा जाते. आनि तुम्ही तर शिकवनारे मानूस. भूगोल ना?"

ते 'भूगोल ना' मला फार लागलं. मी वर आलो आणि घोंगडं काढलं. पौर्णिमा म्हणाली, "राहू द्या ना ते. मले झोप लागते त्यात."

"लोक काय म्हणतील?"

"लोक येऊन झोपून राह्यले का आपल्या घरी?"

मी आवाज चढवला. स्वतःचं घर आहे, त्याला साजेसं काहीतरी लावू, असं म्हणालो. घोंगडं घडी करून समुद्रपूरच्या एसटीत बसवून दिलं आणि त्याच संध्याकाळी आम्ही कैलासच्या पडद्यांच्या दुकानात गेलो.

कैलासने आमच्यासमोर जे पसरलं, त्यावरून माणसाने आपल्या खिडकीसाठी इतका विचार करून ठेवला आहे, हे मला प्रथमच कळलं. गुंडाळायचे, घड्या पडणारे, आडव्या पट्ट्यांचे, उभ्या पट्ट्यांचे, बांबूचे. शिवाय प्रत्येकाचे रंग. आणि रंगांची नावं अशी, की पांढऱ्यातच सात प्रकारचे पांढरे. पौर्णिमाने एकच विचारलं, "यातलं अंधार कशानं होते?" कैलासने तोंड भरून सांगितलं, की आजकाल सगळे झेब्राच नेतात. झेब्रा म्हणजे एक पट्टी जाड, एक पट्टी विरळ. सदाशिवरावांच्या हॉलमध्ये तेच होते, हे मी बघितलं होतं. त्यांच्या तोलाचं काहीतरी आपल्याही घरी असावं, असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. पौर्णिमाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही, ते मात्र मला घरी आल्यावर आठवलं.

झेब्रा लागला. हॉलमध्ये बसून बघण्यासाठी तो फार सुरेख आहे. झोपण्यासाठी नाही. त्याच्या जाड पट्ट्या कितीही जुळवल्या तरी दुपारच्या उन्हाला कुठून ना कुठून वाट सापडायचीच आणि पौर्णिमाच्या कपाळावर, नाकावर आणि हनुवटीवर उन्हाच्या पट्ट्या पडायच्या. कैलास म्हणाला, मापाने कापलेला माल परत घेता येत नाही. तो झेब्रा आता स्वयंपाकघरात आहे. खिडकीपेक्षा मोठा आहे, म्हणून खाली गॅसच्या शेगडीजवळ गुंडाळून ठेवावा लागतो आणि फोडणी दिली की त्यावर मोहरी उडते.

आता संपूर्ण काळोख करणारा, जाड, गुंडाळायचा पडदा घ्यायचा ठरवलं. त्याची मागची बाजू काळी असते. म्हणजे रस्त्याकडून पुन्हा काळं दिसणार. सदाशिवरावांनी समितीकडे अर्ज द्यायला सांगितला. अर्ज दिला. अर्जावर सभा भरायला हवी आणि सभेला निम्मे सभासद तरी हवेत. आमच्या बिल्डिंगमधले निम्म्याहून जास्त सभासद दवाखान्यात रात्रपाळी करणारे. सभा दिवसा ठेवली तर ते झोपलेले, संध्याकाळी ठेवली तर कामावर निघालेले. पौर्णिमाला झोप लागावी की नाही हे ठरवणारी सभा लोक झोपल्यामुळे भरत नव्हती. रविवारमागून रविवार गेले. पौर्णिमा हळूहळू बोलायची बंद झाली. एकदा चहात तिने साखरेऐवजी मीठ घातलं आणि स्वतःच रडायला लागली. "इथं चहात चुकली. तिकडे सलाइनमध्ये चुकली तर?" मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एकदाची सभा भरली. सदाशिवरावांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "सर, बाकी सगळं ठीक आहे. पन उन्हाळ्याचं काय?"

मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. पण माझ्याच विषयातला प्रश्न होता, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे होत्या, आणि 'कळलं नाही' हे शिक्षकाला म्हणता येत नाही. मी शांतपणे म्हणालो, "उन्हाळ्याचा विचार केलेला आहे."

सभेत एकदम आदर पसरला. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे बंडूजी, ते दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रात्रीच असतात, त्यांनी तर मान डोलावली. मंजुरी मिळाली.

नवा पडदा मी स्वतः मापून मागवला. खिडकीची वरची रुंदी मापली. खालचीही तेवढीच असणार, असं कोणीही धरून चालेल. बिल्डरने तसं धरलं नव्हतं. पडदा निम्म्यापर्यंत ऐटीत खाली आला आणि अडकला. खिडकी खाली निमुळती होती. पृथ्वी पूर्ण गोल नाही हे मी मुलांना सांगतो, पण खिडकी पूर्ण चौकोनी नसते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग पडदा चौकटीच्या बाहेर भिंतीवर लावायचा ठरला. त्यासाठी भोकं पाडताना ड्रिल भिंतीतल्या वायरीवर गेलं आणि आमचा पंखा, बंडूजींचा फ्रीज आणि जिन्यातला दिवा एकाच वेळी गेले. ते निस्तरलं. भिंतीला एक मोठं खिंडार आहे, त्यावर आता कॅलेंडर लावलं आहे. कॅलेंडर जरा खालीच आहे, बसून बघावं लागतं.

पण पडदा खाली आला आणि काळोख झाला. खरोखरचा, मधल्या खोलीतला काळोख. पौर्णिमा झोपली आणि मी हॉलमध्ये सोफ्यावर बसून त्या बंद दाराकडे बघत राहिलो. मला वाटलं, हे आपलं घर. मी केलं. थंडीचे दिवस होते.

आणि मग मार्च आला.

वर्धा जिल्ह्यात जन्मलेला, वाढलेला, वरून भूगोल शिकवणारा माणूस मार्च महिना कसा विसरू शकतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे खिडकी ही उजेडासाठी नसते आणि वाऱ्यासाठीही नसते. खिडकी कूलरसाठी असते. होळीच्या सुमारास गल्लीगल्लीत लोक माळ्यावरून कूलर काढतात, गंज खरवडतात, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवतात आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर चढवतात. त्याचं तोंड खिडकीतून आत. जून संपेपर्यंत ती खिडकी आपली राहात नाही. आमचा कूलर यशोदाबाईंकडे ओसरीत असायचा. मधल्या खोलीला त्याची गरजच पडत नसे. आता तो गॅलरीत उलटा पडला होता आणि बंडूजींचा कूलर त्यांच्या खिडकीवर चढताना मी बघत होतो. 

मी धावत खाली गेलो. "सदाशिवराव, त्या सभेत तुम्ही उन्हाळ्याचं विचारलं ते कूलरचं होतं का?"

"मंग कशाचं? पडदा खाली केला तर कूलर कुठून हवा मारीन? पन तुम्ही म्हनले विचार केला. आम्हाले वाटलं तुम्ही एसी लावून राह्यले. बंडूजी तर सगळ्यायले सांगून राह्यले, सरच्या घरी एसी येते म्हनून."

म्हणजे तो आदर एसीचा होता. घर घेतल्यावर एसी घेण्याइतके पैसे आमच्याकडे उरलेले नव्हते, आणि हे जिन्याच्या तोंडाशी सांगणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "एसीने पौर्णिमाचे सांधे धरतात."

कूलर खिडकीवर चढला. आता पडदा खाली केला की काळोख आणि भट्टी. वर केला की गारवा आणि लख्ख उजेड. अर्धा ठेवला तर कूलरच्या वाऱ्याने तो असा फडफडायचा, की शेजारच्या बिल्डिंगमधले लोक बघायला येत. पौर्णिमा एक दिवस गारवा घ्यायची, एक दिवस काळोख. झोप दोन्ही दिवशी नाही.

शेवटी मी कात्री घेतली. ज्या पडद्यासाठी समिती भरली, भिंत फुटली, त्याला मी कूलरच्या तोंडाएवढं चौकोनी भोक पाडलं. कापताना माझा हात थरथरत होता. काम जमलं, पण कूलरच्या पंख्याच्या पात्यांमागून ऊन आत येऊ लागलं आणि पाती फिरली की छतावर उजेड-अंधार, उजेड-अंधार असा नाच सुरू झाला. पहिल्या दिवशी पौर्णिमाने तो नाच डोळे उघडे ठेवून बघितला. "चांगलं आहे," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आणि काय सांगू, त्यानंतर चमत्कार झाला. पौर्णिमा हसू लागली. संध्याकाळी मी शाळेतून यायचो तर ती ताजीतवानी. "झोप लागली?" विचारलं तर म्हणायची, "मस्त." डोळ्यांखालची वर्तुळं गेली. चहात साखर आली. मला माझ्या कात्रीचा अभिमान वाटू लागला आणि अभिमान जिन्यातून खाली उतरला. मी बंडूजींना सांगितलं, की कूलर आणि काळोख एकत्र नांदू शकतात, फक्त भोक नेमकं पाहिजे. त्यांनाही दिवसा झोपायचं असतं. त्यांनी कैलासकडून तसाच पडदा आणला, तसंच भोक पाडलं आणि चार दिवसांनी तांबारलेले डोळे घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

त्या दिवशी ऊन फार म्हणून शाळा दुपारीच सोडली होती. मी नुकताच घरी पोचलो होतो. बंडूजींच्या मागे सदाशिवरावही होते. भोकाला वेगळी मंजुरी लागते का, ते पाहायला आले होते.

"सर, मले तर झोपच नाई. छतावर नुसता तमाशा होऊन राह्यला."

"तुमचं भोक चुकलं असणार," मी हलक्या आवाजात म्हणालो. "हळू बोला, पौर्णिमा झोपली आहे. आत जायची गरजच नाही. दाराखालच्या फटीत बघा, उजेड दिसतो का."

आम्ही तिघं वाकलो. फटीतून उजेड येत होता. बाहेरच्या गरम वाऱ्याने पाती फिरत होती, म्हणून नाचतसुद्धा होता. कूलरचा आवाज मात्र नव्हता. मी दार ढकललं.

पलंगावर कोणी नव्हतं. चादरीला एक सुरकुती नव्हती. भोकातून येणारं कडक ऊन त्या पांढऱ्या चादरीवर नाचत होतं. मी फोन लावला, बंद.

सदाशिवराव घसा खाकरून म्हणाले, "वहिनी तर तुम्ही शाळेत गेले की बाबारावच्या ऑटोत बसून जाते. महिना झाला असंन. यशोदाबाई की कोनाकडे, बाबाराव सांगे. आम्हाले वाटलं तुम्हाले माहीत आहे."

त्या क्षणी मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला फार राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. मी स्कूटर काढली. भर उन्हात रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. वाटेत काय काय बोलायचं ते मी जुळवत गेलो. आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरी झोपायचं? मी काय कमी केलं?

यशोदाबाई ओसरीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू. झोपली हाये पोरगी."

थोड्या वेळापूर्वी हे वाक्य माझं होतं. मी चपला काढल्या आणि मधल्या खोलीत गेलो. काहीच दिसेना. जमिनीवरच्या गादीला पाय लागला. मी चाचपत खाली बसलो. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, संथ, लांब. मी जुळवलेलं सगळं भाषण तिथेच बसून गिळलं. माझी चाहूल लागून तीच बोलली.

"आले का तुम्ही?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही त्या खिडकीचं इतकं करून राह्यले होते." ती म्हणाली. "कात्रीनं कापून राह्यले होते तेव्हा तुमचा हात थरथरत होता. मंग कसं सांगू?"

मला रडू आलं. एवढ्या अंधारात रडायला काही हरकत नव्हती. तिने कूस बदलली आणि उशीचा अर्धा भाग माझ्याकडे सरकवला. अर्धी उशी पुरत नाही, हे मला दोन मिनिटांत कळलं आणि तिसऱ्या मिनिटाला मी झोपलो. गृहप्रवेशानंतर मीसुद्धा नीट झोपलो नव्हतो, हे जागं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. बाहेर दिवस मावळला होता. यशोदाबाईंनी चहा ठेवला होता. कप माझ्यापुढे सरकवून त्या पुन्हा डाळ निवडायला बसल्या.

निघताना पौर्णिमा म्हणाली, "उद्या शाळा सुटली की इकडेच या. येताना आपली उशी आणजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मी काखेत उशी घेऊन जिना उतरलो. सदाशिवरावांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि पेपरात तोंड घातलं. स्कूटरपाशी बंडूजी उभे होते, रात्रपाळी करून आलेले, डोळे लालभडक. ते आधी उशीकडे बघत राहिले, मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, त्या यशोदाबाईच्या ओसरीत आनखी एका मानसाची गादी मावते का जी?"

"ओसरीत उजेड असतो," मी म्हणालो. "मधल्या खोलीत पाठीमागे थोडी जागा आहे. मावशीला विचारून सांगतो."